परग्रहांची टोकाची हवा टेबलावर कशी मांडावी

विज्ञान दिनाला शाळेत बेकिंग सोडा आणि व्हिनेगर ओतून गुरूच्या चंद्राचा, 'आयोचा ज्वालामुखी' दाखवायची पद्धत आहे. फेस येतो, पोरं टाळ्या वाजवतात, आणि आयोबद्दल कोणाला काही कळत नाही. आयोवर ना सोडा आहे ना व्हिनेगर. परग्रहांवरची परिस्थिती दाखवायची तर निवडीची कसोटी एकच: त्या ग्रहावर जे कारण काम करतं, तेच कारण टेबलावर काम करायला हवं. आकडा कमी-जास्त चालेल, कारण बदललेलं चालणार नाही. प्रत्येक प्रयोगासमोर एक पुठ्ठा ठेवा. त्यावर दोन ओळी: तिथला आकडा, आणि आपल्या टेबलावरचा आकडा. जिथे आपलं नाटक आहे तिथे 'हे नाटक आहे' असं त्याच पुठ्ठ्यावर लिहा.

खालची मांडणी गोव्यातल्या हायस्कुलाच्या वर्गात किंवा पंचायतीच्या हॉलमध्ये करता येण्यासारखी आहे. २८ फेब्रुवारीच्या सुमाराला हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, वाळू उन्हात वाळते. जुलैत हेच करायला गेलात तर वाळूचा प्रयोग सोडून द्या, बाकीचे होतील.

आधी मोजायच्या साधनांबद्दल, कारण निम्मी फजिती तिथेच होते. कोविडच्या काळात घेतलेली कपाळाला लावायची थर्मामीटर-गन इथे कामाची नाही. ती साधारण ३२ ते ४३ अंश सेल्सियसच दाखवते, बाकी सगळ्याला 'लो' किंवा 'हाय'. कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड गन घ्या, पण तिलाही बहुधा उणे ५० च्या खाली दिसत नाही. शिवाय चकचकीत धातूवर ती साफ खोटं बोलते, कारण धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. धातू मोजायचा असेल तर त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर नेम धरा. पाण्यासाठी सळईवाला साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. आरओ बसवणारे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायला वापरतात तो टीडीएस मीटर कोणाकडून तरी मागून आणा. औषधांच्या दुकानातून सुईशिवायच्या ५० किंवा ६० मिलीच्या दोन सिरिंज आणि तितकेच थ्री-वे घ्या. सलाइनच्या नळीला लावतात तो तोटीवाला तुकडा म्हणजे थ्री-वे, विचारला की लगेच देतात. सिरिंज मात्र आट्यांनी फिरवून बसणारी हवी. नुसती दाबून बसवायची असेल तर ओढताना हवा आत शिरते.

मंगळ: पाणी न तापवता उकळणं

मंगळावर हवेचा सरासरी दाब सुमारे ६ मिलीबार आहे, आपल्याकडे पणजीत १०१० च्या आसपास. पाणी किती अंशांना उकळणार ते दाब ठरवतो. ६० अंशांच्या पाण्याला उकळायला दाब २०० मिलीबारपर्यंत उतरावा लागतो, ४० अंशांच्या पाण्याला ७४ पर्यंत, ३० अंशांच्या पाण्याला ४२ पर्यंत. हाताने सिरिंज ओढून एवढं जमतं.

पाणी आधी दहा मिनिटं उकळून झाकून थंड करा. हे टाळू नका. नळाच्या पाण्यात हवा विरघळलेली असते, दाब उतरला की ती बुडबुड्यांनी बाहेर पडते, आणि बघणाऱ्यांना वाटतं पाणी उकळलं. उकळून ठेवलेलं पाणी कार्यक्रमाच्या वेळी ६० अंशांपर्यंत गरम करा. १० मिली सिरिंजमध्ये ओढा. टोक वर करून टिचकी मारा, अडकलेली हवा वर येऊ द्या, दट्ट्या दाबून ती पूर्ण काढून टाका, अगदी एखादा थेंब पाणी बाहेर येईपर्यंत. आता थ्री-वेची तोटी बंद करा आणि दट्ट्या ५० च्या खुणेपर्यंत ओढून धरा. साधारण साडेचार किलोचं वजन उचलायला लागतो तेवढा जोर लागतो. पाचवीतल्या मुलाला कठीण जाईल, आठवीतल्याला जमेल. आत पाणी खळखळायला लागतं.

खरं उकळणं की नुसती हवा, हे ओळखायची खूण अशी: दट्ट्या सोडल्यावर बुडबुडे पूर्ण नाहीसे झाले तर ती वाफ होती, परत पाणी झाली. एखादा बुडबुडा तसाच राहिला तर ती हवा. ती काढा आणि पुन्हा ओढा. दोन-तीन खेपांनंतर पाणी चांगलं 'स्वच्छ' होतं आणि मग ४० अंशांचं, पुढे अगदी खोलीच्या तापमानाचं पाणीही उकळवून दाखवता येतं. ते सर्वांत परिणामकारक. मुलांना सिरिंज हातात धरायला द्या. पाणी उकळतंय आणि हाताला कोमटही लागत नाही, ही गोष्ट सांगून पटत नाही.

प्रयोग फसतो तो तीन कारणांनी. थ्री-वेऐवजी बोट लावलं तर हवा गळते. सिरिंज वापरून रबर सुकलेलं असेल तर दट्ट्याच्या कडेने हवा येते. रबराला खोबरेल तेलाचं एक बोट फिरवा. आणि सुरुवातीला आत १ मिली जरी हवा राहिली तरी ती पसरून दाब अडवून धरते, थंड पाण्यासाठी तेवढाच फरक नडतो.

पुठ्ठ्यावर काय लिहायचं: मंगळावर दाब याच्याही खाली, आणि थंडी सरासरी उणे ६३ अंश. पाण्याची तीन रूपं एकत्र नांदू शकतात तो बिंदू ६.१ मिलीबार आणि शून्याच्या किंचित वर. मंगळ नेमका त्या उंबरठ्यावर उभा आहे. तिथे उघड्यावर ओतलेलं पाणी एकाच वेळी उकळेल आणि गोठेल. वाफ होताना पाणी उरलेल्या पाण्यातून उष्णता ओढून घेतं. शून्य अंशाच्या पाण्यातलं एक ग्रॅम उडून गेलं की साधारण सात ग्रॅमचा बर्फ व्हायला तेवढं पुरतं. सिरिंजमध्ये हे गोठणं दिसत नाही, कारण आपण उडवतो ते काही मिलिग्रॅमच. मुलांनी विचारलं तर तसंच सांगा.

हेलास नावाच्या खोल खळग्याच्या तळाशी दाब १२ मिलीबारपर्यंत जातो, म्हणजे तिथे पाणी द्रव राहायला थोडी जागा आहे. त्यात २००८ साली फिनिक्स यानाला मातीत परक्लोरेट क्षार सापडले. क्षार मिसळले की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. त्याचा छोटा प्रयोग बाजूलाच मांडा. मालीमच्या जेटीवर ट्रॉलरसाठी चुरा बर्फ मिळतो, नाहीतर लादी फोडा. तीन वाट्या चुऱ्यात एक वाटी मीठ कालवून सळईचा थर्मामीटर खुपसा, पाच मिनिटांत उणे १५ च्या खाली उतरतो. नीट कालवलं आणि पाणी फार सुटलेलं नसेल तर उणे १८. मिठाची हद्द उणे २१. परक्लोरेट त्याच्याही बरंच खाली नेतं, पण ते शाळेत आणायचं नाही. स्फोटक बनवायला वापरतात ते.

मंगळाची माती विकत आणायची गरज नाही. चिरे कापतात तिथली लाल पूड घ्या, मैद्याच्या चाळणीने चाळा, तोंडाला मास्क बांधून. मंगळाचा लाल रंगही लोहाच्या ऑक्साइडांचाच, आणि आपल्या चिऱ्याचाही. डिचोली-सांखळीच्या बाजूच्या खनिजातलं हेमेटाइट हेच खनिज ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला २००४ मध्ये मेरिडियानीच्या सपाटीवर वाटाण्यापेक्षा लहान गोळ्यांच्या रूपात विखुरलेलं सापडलं होतं. चिरा मात्र पावसाने झिजून झालेला आहे, मंगळाची धूळ तशी झालेली नाही. हेही पुठ्ठ्यावर येऊ दे.

ड्राय आइस: आणताना, ठेवताना, दाखवताना

औषधं किंवा आइस्क्रीम लांब पाठवणाऱ्यांना ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, लागतो, त्यांच्याकडून पुरवठादार कळतो. ५ किलो मागवा आणि कार्यक्रमाच्या दिवशीच मागवा. इंचभर जाडीच्या थर्माकोलच्या खोक्यात गोव्याच्या उकाड्यात दिवसाला दोन ते तीन किलो उडून जातो. रिकामी जागा वर्तमानपत्राने भरा. झाकण टेपने बंद करू नका. फ्रीजरमध्ये ठेवू नका. उणे १८ चा फ्रीजर त्याच्यापुढे भट्टी आहे आणि बंद कप्प्यात वायू साचतो.

हा विषय घाईने उरकू नये, म्हणून आकड्याने सांगू. एक किलो ड्राय आइस उडाला की सुमारे ५५० लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ५ किलोंचा पावणेतीन हजार लिटर, म्हणजे जवळपास एका मोटारीच्या आतली सगळी जागा. गाडीतून आणताना काचा खाली हव्यात, एसी लावून काचा बंद करून आणायचा नाही. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. जमिनीवर बसलेल्या बालवाडीतल्या मुलांच्या तोंडाशी आधी पोचतो. हॉलची दारं-खिडक्या उघडी ठेवा, छोट्यांना बाकांवर बसवा. बाटलीत घालून बूच लावणं म्हणजे बॉम्ब. मोठ्यांनीच हाताळायचा, कातडी किंवा जाड सुती हातमोजे घालून, चिमट्याने. काचेच्या टेबलावर किंवा बेसिनमध्ये ठेवला तर काच-टाइल तडकते. खाली लाकडी फळी घ्या.

सगळ्यांना गरम पाण्यात टाकून धूर काढायचा असतो. काढा, पण तो धूर कार्बन डायऑक्साइडचा नसतो, तो वायू रंगहीन आहे. पांढरं दिसतं ते आपल्या दमट हवेतलं आणि भांड्यातलं पाणी. गोव्यात तो नागपूरपेक्षा दाट येतो एवढीच त्याची गंमत.

मंगळाशी खरा संबंध असलेला प्रयोग वेगळा आहे. मंगळावर हिवाळ्यात ध्रुवाजवळ हवाच गोठते. हवेतला ९५ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड, त्यातला जवळपास चौथा हिस्सा ध्रुवावर बर्फ होऊन बसतो, आणि अख्ख्या ग्रहाचा हवेचा दाब ऋतूप्रमाणे वरखाली होतो. वसंतात या बर्फाच्या लाद्या वाळूच्या उतारांवरून घसरतात असं मानतात, कारण तिथल्या टेकड्यांवर लांब सरळ चर दिसतात. चराच्या खालच्या टोकाला मातीचा ढीग नसतो, नुसता खळगा असतो. पाण्याने चर पडला असता तर वाहून आलेला गाळ तिथे दिसला असता. २०१३ मध्ये नासाच्या संशोधकांनी यूटा आणि कॅलिफोर्नियातल्या वाळूच्या टेकड्यांवर विकतच्या ड्राय आइसच्या लाद्या सोडून पाहिल्या; त्या खालून सुटणाऱ्या वायूवर तरंगत घसरल्या.

हे करायला समुद्रकिनाऱ्यावरच्या टेकड्यांवर जाऊ नका. त्या संरक्षित आहेत, आणि मोरजी-गालजीबागला याच दिवसांत कासवं अंडी घालतात. सव्वा मीटर लांब, फूटभर रुंद फळीला दोन्ही बाजूंनी पट्ट्या ठोकून पन्हळ करा. त्यात तीन बोटं जाड वाळू पसरा. बांधकामाची वाळू चालते, बारीक चाळलेली. दोन दिवस उन्हात वाळवलेली हवी आणि आणल्यावर झाकलेली. गोव्याच्या हवेत उघडी ठेवलेली वाळू रात्रीत पुन्हा ओलसर होते, आणि ओल असली की ती लादीला गोठून चिकटते. प्रयोग फसतो तो हमखास इथेच. फळी २५ अंशांना टेकवा. ३४ च्या पुढे गेलात तर वाळू स्वतःच ढासळायला लागेल. लादीचा तळहाताएवढा तुकडा करवतीने सपाट कापा आणि सपाट बाजू खाली ठेवून सोडा. ढकलू नका. एखादा क्षण थांबतो, खाली वाळूची थरथर दिसते, मग सुटतो. तुकडा उचला, खालचा चर आणि त्याच्या दोन्ही कडांना उठलेले बांध मुलांना टॉर्च आडवा धरून दाखवा. वरून प्रकाश पाडला तर काही दिसत नाही.

त्याच तुकड्याने दुसरं काम होतं. ताटात चिऱ्याची चाळलेली पूड बोटभर पसरा, वर तुकडा सपाट ठेवा, अर्धा मिनिट थांबा, सरळ वर उचला. वायू बाहेर पडताना पुडीत कोरलेल्या वाटा दिसतात. मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटलेले चर आहेत. ऊन अर्धपारदर्शक बर्फातून खाली जाऊन माती तापवतं आणि बर्फाखाली कोंडलेला वायू फुटून वर येतो, असं त्यांचं स्पष्टीकरण दिलं जातं. आपल्या ताटात उष्णता मातीची आहे, उन्हाची नाही. शिवाय मंगळाच्या दाबावर हा बर्फ उणे १२५ च्या आसपास असतो, आपल्याकडे उणे ७८.५. तेवढा फरक लिहून ठेवा.

एखादं चौकस पोर विचारेल: अंटार्क्टिकात व्होस्टोक स्थानकावर २१ जुलै १९८३ ला उणे ८९.२ अंश मोजले होते, ते तर ड्राय आइसपेक्षा थंड, मग तिथे हवा का गोठली नाही? वास्कोतल्या ध्रुवीय संशोधन केंद्राची सहल झालेल्या शाळेत हा प्रश्न नक्की येतो. उत्तर असं: उणे ७८.५ हा आकडा सगळी हवा कार्बन डायऑक्साइडची असेल तेव्हाचा. आपल्या हवेत तो ०.०४ टक्क्यांच्या आसपास. एवढ्या विरळ वायूला गोठायला उणे १४० च्या जवळपास जावं लागेल.

युरोपा: दोन दिवस आधी लावायचा प्रयोग

गुरूच्या युरोपा चंद्रावर वर बर्फाचं कवच, खाली ६० ते १५० किलोमीटर खोल खारा समुद्र असल्याचे भक्कम पुरावे आहेत. पृष्ठभागाचं तापमान विषुववृत्तावर उणे १६०, ध्रुवांवर उणे २२०. पृष्ठभागावर माणूस उभा राहिला तर गुरूच्या किरणोत्सर्गाने त्याला दिवसाला सुमारे ५.४ सीव्हर्टचा मारा बसेल, म्हणजे एका दिवसात जीव जाण्याइतका. १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालेलं युरोपा क्लिपर यान एप्रिल २०३० मध्ये गुरूजवळ पोचायचं आहे. तिथे दुर्बिणीने सहज दिसत नाही ते इथे घरच्या फ्रीजरमध्ये दिसतं: खारं पाणी गोठताना मीठ बाहेर टाकतं, आणि वरच्या बर्फाची चव खालच्या समुद्रापेक्षा वेगळी असते.

लागतो तो मासळीचा नव्हे, नवा छोटा थर्माकोलचा डबा, आत दीड-दोन लिटर मावेल असा, भिंत किमान २ सेंटीमीटर. दीड लिटर उकळून निववलेल्या पाण्यात ५२ ग्रॅम मीठ विरघळवा. लिटरला ३५ ग्रॅम पडतं, आपल्या अरबी समुद्राच्या जवळपास. आगरवाड्याच्या मिठागरातलं खडेमीठ असेल तर पाणी फडक्यातून दोनदा गाळा, त्यात चिखल असतो आणि तो बर्फाला गढूळ करतो. निळ्या खाद्यरंगाचे चार-पाच थेंब टाका. डबा फ्रीजरमध्ये ठेवा, झाकण न लावता. झाकण न लावणं हाच या प्रयोगाचा गाभा आहे: थर्माकोलने बाजू आणि तळ अडवला की थंडी फक्त वरून शिरते आणि बर्फ वरून खाली वाढतो, युरोपासारखा. स्टीलच्या डब्यात तो चारही बाजूंनी वाढतो आणि मीठ मध्यात कोंडतं, ती आइस्क्रीमची लादी झाली, चंद्र नव्हे.

१८ ते २४ तासांत वर चार-पाच सेंटीमीटरचा थर धरतो. मध्ये लाईट गेली तर फ्रीजर उघडू नका, तीन-चार तास काही बिघडत नाही. नंतर डबा बाहेर काढा, कडेने सुरी फिरवा, थर उचला. खालचं पाणी पहिल्यापेक्षा गडद निळं, वरचा बर्फ फिका. बर्फ चाळणीवर दहा मिनिटं निथळू द्या, कारण त्याच्या बारीक नळ्यांत खारं पाणी अडकलेलं असतं. मग वितळवा.

आता मोजणी. टीडीएस मीटर थेट बुडवलात तर तो भलताच आकडा किंवा नुसती रेघ दाखवेल, त्याची हद्द ९९९० आहे. १० मिली नमुन्यात ९० मिली आरओचं पाणी मिसळा, मग मोजा. हजाराच्या पुढे बहुतेक मीटर आकड्याशेजारी '×१०' दाखवतात, ते वाचायला विसरलं की सगळा हिशोब दहापटीने चुकतो. मूळ पाण्याला ३००० च्या थोडं वर येईल. वितळलेल्या बर्फाला त्याच्या निम्म्याहून कमी, उरलेल्या पाण्याला मूळच्या बरंच वर. तिन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहा; चव घेऊन दाखवायची असेल तर ती नंतर, आधी आकडा.

बर्फ मोजून शून्य का येत नाही, असं विचारतात. बर्फाच्या स्फटिकात मीठ बसत नाही, पण स्फटिकांच्या मधे खारं पाणी अडकतं. जितकं भरभर गोठवाल तितकं जास्त. फ्रीजर कमीत कमी थंड करून दोन दिवस लावलेत तर बर्फ अधिक गोड येईल. युरोपावर तो कसा वाढला यावरूनच त्यात किती क्षार अडकले ते ठरणार, म्हणून शास्त्रज्ञांना या तपशिलाची एवढी पडलेली असते. २०१९ मध्ये हबल दुर्बिणीने तिथल्या टारा रेजिओ नावाच्या पिवळट भागात साधं मीठ, सोडियम क्लोराइड, ओळखलं. किरणोत्सर्गाने मीठ पिवळं पडतं.

एक डबा मुद्दाम 'बिघडवा'. तसंच पाणी झाकण लावता येईल अशा प्लॅस्टिकच्या डब्यात भरून पूर्ण गोठू द्या. पाणी गोठताना फुगतं, मधल्या उरलेल्या पाण्यावर दाब चढतो, वरचा बर्फ फुगून तडकतो आणि फटीतून गडद निळं खारं पाणी वर येऊन पुन्हा गोठतं. युरोपाच्या लालसर रेघा आणि शनीच्या एन्सेलाडसवरचे पाण्याचे फवारे यांची चर्चा इथेच उभी राहून करता येते. एन्सेलाडस जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा. त्याच्या दक्षिण ध्रुवावरचे फवारे कॅसिनी यानाने २००५ मध्ये पाहिले, आणि त्या बर्फकणांत फॉस्फेट असल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. तिथे फटी उघडतात त्या मुख्यतः शनीच्या ओढीने, आपल्याकडे नुसत्या फुगण्याने.

आयो, शुक्र, टायटन

आयोसाठी २ मिलिमीटर जाडीची लोखंडी तार पुरे. वीतभर तुकडा, मधोमध काळी टेप, आणि टेपच्या जवळ भरभर उलटसुलट वाकवा, दहा-पंधरा वेळा. बोट लावा किंवा गनने मोजा. आयोला गुरू असाच मळतो. युरोपा आणि गॅनिमीड त्याची कक्षा गोल होऊ देत नाहीत, म्हणून दर साडेबेचाळीस तासांच्या फेरीत ओढ कमी-जास्त होते आणि घट्ट जमीन शंभर मीटरपर्यंत वरखाली होते. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स यांनी हे गणित २ मार्च १९७९ ला छापलं. व्हॉयेजर-१ ने ८ मार्चला टिपलेल्या छायाचित्रात लिंडा मोराबिटो यांना ज्वालामुखीचा फवारा दिसला. आज ४०० हून अधिक जागते ज्वालामुखी माहीत आहेत. तार तुटल्यावर टोक धारदार असतं, चष्मा घाला.

शुक्रासाठी शीतपेयाचा रिकामा कॅन. आत एक मोठा चमचा पाणी, गॅसवर ठेवून तोंडातून अर्धा मिनिट जोरात वाफ येऊ द्या, सांडशीने पकडून झटक्यात उपडा करून थंड पाण्यात तोंड बुडवा. चपटा होतो. वाफ पुरेशी येऊ दिली नाही तर हवा पुरती बाहेर जात नाही आणि कॅन नुसता सुरकुततो. पुठ्ठा: हे पृथ्वीवरच्या हवेच्या दाबाचं काम, शुक्रावर तो ९२ पट. समुद्रात सुमारे ९०० मीटर खोल गेल्यासारखा दाब, तोही ४६५ अंशांवर. १ मार्च १९८२ ला उतरलेलं व्हेनेरा-१३ बत्तीस मिनिटं टिकेल असं बांधलं होतं, ते १२७ मिनिटं टिकलं.

शनीच्या टायटन चंद्रावर पाऊस मिथेनचा, उणे १७९ अंशांत. गॅसचा सिलिंडर जवळ आणण्याचा विचारही नको. दाखवायचा तो वेग: गुरुत्व आपल्या सातव्या हिश्श्याएवढं आणि हवा चौपटीहून दाट, त्यामुळे सेंटीमीटरभर मोठे थेंब सेकंदाला १.६ मीटर वेगाने खाली येतात. आपल्याकडचा टपोरा थेंब ९ मीटरने येतो. बेकरीच्या सामानाच्या दुकानातून कपकेकचे कागदी कप आणा. ३.२ मीटर उंचीवरून, गॅलरीतून किंवा शिडीवरून, उपडे न करता सोडा आणि मोबाइलवर वेळ मोजा. बरोबर दोन सेकंद यायला हवेत. एक कप फार हळू येतो. एकात एक असे दोन-तीन बसवून बघा. वेग कपांच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे चार कप एकट्याच्या दुप्पट. पंखे बंद करा, नाहीतर एकही वेळ जुळणार नाही. कप हलका म्हणून हळू येतो, टायटनवरचा थेंब तसा नाही: हे नाटक.

फार दूरचा ग्रह आणि एक मणी

जंबुक तारकासमूहातला एचडी १८९७३३बी आपल्यापासून सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर. २.२ दिवसांचं वर्ष, सेकंदाला दोन किलोमीटर वेगाचे वारे, हजार अंशांच्या आसपास उष्णता, ढगांत सिलिकेटचे कण असल्याचा अंदाज; 'काचेचा पाऊस' म्हणून छापतात तो हाच. हे सगळं कळलं ते तारा जरासा मंद होताना पाहून. ग्रह समोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश सुमारे २.४ टक्के घटतो.

ताऱ्याच्या जागी १० सेंटीमीटर व्यासाचा दुधी गोल ग्लोब, आत पॉवरबँकवर चालणारा यूएसबी एलईडी. घरच्या विजेवरचा बल्ब नको, तो सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो आणि आकडा स्थिर राहत नाही. मोबाइलमध्ये लक्स मोजायचं ॲप घ्या. प्रकाशाचा सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो. त्याच्यावर काळ्या चार्टपेपरची वीतभर नळी बसवा, नाहीतर पांढऱ्या भिंतीवरून येणारा उजेड घट झाकून टाकतो. मोबाइल ग्लोबच्या मध्यापासून ५० सेंटीमीटरवर. ग्रहाच्या जागी मणी, काळ्या दोऱ्याला, मध्यापासून १० सेंटीमीटर पुढे. हिशोबाने मणी साडेपंधरा मिलिमीटरचा यायला हवा, पण तो मोबाइलच्या जवळ असल्याने सव्वापट मोठा दिसतो. म्हणून १२ मिलिमीटरचाच घ्या. दीडशे लक्स असतील तर तीन-साडेतीनने उतरतील. मणी हातात धरलात तर हाताची सावलीच मोजली जाते, काडीला दोरा बांधून फिरवा.

मग मण्याऐवजी खसखशीचा दाणा चिकटवलेला केस फिरवा. ॲपवर काहीच हलत नाही. सूर्यासमोरची पृथ्वी एवढीच, ०.००८ टक्के.

आवरताना: उरलेला ड्राय आइस झाकण उघडं ठेवून मैदानात, मुलांच्या हाताबाहेर, रात्रभर. मिठाचं पाणी झाडांच्या आळ्यात ओतू नका. सिरिंजा उकळलेल्या पाण्याने धुऊन दट्ट्या बाहेर काढून वाळवा, तरच पुढच्या वर्षी रबर साथ देईल.